कोणीच अडवत नाही, तरी बाईचं काम अडतंच कसं?

समाजकार्य_यवतमाळ (प्रश्न)
बचत गटाच्या बायकांपुढे 'व्यवस्थेतला अन्याय' यावर तासभर बोलायचं आहे. व्याख्या आहेत, पण त्या ऐकून बायका एकच विचारतात: तलाठी वाईट बोलत नाही, बँकेतला साहेब खुर्ची देतो, मग अन्याय करतो तरी कोण? नवरा गेलेली, स्वतः वावर करणारी बाई आणि बटईदार (दुसऱ्याचं वावर हिश्श्यानं करणारा), या दोघांचं नेमकं कोणत्या कागदावर अडतं?

फेरफार_६
सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन जा आणि दोन जागा बोटानं दाखवा: भोगवटादाराचं, म्हणजे जमीन ज्याची म्हणून नोंदली आहे त्याचं नाव, आणि 'इतर अधिकार' हा वेगळा रकाना. वारसनोंदीत मुलांची नावं पहिल्या जागी आणि विधवेचं, मुलींचं नाव दुसऱ्या जागी, असे उतारे आजही सापडतात. घरच्यांना वाटतं नाव लागलं, बाईलाही तसंच वाटतं. बँक पाहते फक्त भोगवटादार. हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलगा, मुलगी तिघंही पहिल्या वर्गाचे वारस आहेत, म्हणजे कायदा बाईच्या बाजूचाच आहे. तो रकान्यात पोचत नाही.

नोंदीचा रस्ता असा. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आणि तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सेवेवर अर्ज. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पोच मात्र घ्याच. आधी वारस नोंदवही, नमुना ६-क, मग फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, नमुना ६, मग नोटीस. १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अडतं ते इथेच. दिरानं एका ओळीची हरकत दिली की प्रकरण ६-अ मध्ये, म्हणजे वादातल्या प्रकरणांच्या नोंदवहीत, आणि तारखा सुरू. निकाल लागेपर्यंत खरीप निघून जातो. यात प्रत्येक जण नियमानंच वागलेला असतो! निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

सासरा जिवंत आणि जमीन त्याच्याच नावावर असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर वाटणी मागायची, म्हणजे दिवाणी कोर्ट. म्हणून ज्यांचे नवरे जिवंत आहेत त्यांना १९९२ ची लक्ष्मीमुक्ती आधी सांगा: नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

पऱ्हाटीवाला
व्याख्या-बिख्या राहू द्या, हिशेब मांडा. बाईले खरिपाले ५०,००० पायजे. नाव असलं तं सोसायटीचं पीककर्ज. ३ लाखापर्यंत वेळेत भरलं की पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्य. नाव नसलं तं सावकार, शेकडा ५ रुपये महिना. जून ते जानेवारी आठ महिने, व्याज २०,०००. वावर थेच, पाऊस थोच.

मंग कापूस निंगते. सीसीआयले, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाले द्याचा तं नोंदणी पायजे, म्हणजे सातबारा, त्यावर ई-पीक पाहणीत कपाशीचा पेरा, आधार, बँक खातं. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याले ८,११० रुपये क्विंटल होता, पण ओल १२ टक्क्यावर गेली की माल वापस. बाईजवळ कागद नाई, वाळवाले जागा नाई, अन् सावकार दारात. थे खेडा खरेदीत, म्हणजे गावातच इकते, व्यापारी म्हणीन त्या भावानं. नाहीतं भासऱ्याच्या (थोरल्या दिराच्या) सातबाऱ्यावर घालते, मंग चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, त्याच्या खात्यात. थो देईन तेवढाच तिचा.

धुऱ्यावरून
सगळं सातबाऱ्यावर ढकलू नका. त्यावर मुळात नाव कोणाचं आलं, हे जातीनं आधीच ठरवून ठेवलेलं आहे. बटईनं, मक्त्यानं (ठरलेली रक्कम देऊन) करणाऱ्यांत दलित, आदिवासी, भटके किती आहेत ते तुमच्याच गावात मोजा. विदर्भाचा कूळकायदा १९५८ चा, कसणाऱ्याला संरक्षण देणारा. आता त्याच्याच धाकानं मालक करार लिहून देत नाही, 'कूळ लागेल', म्हणजे जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क लागेल, म्हणतो. सगळं तोंडी. मग नुकसानभरपाई आणि विमा मालकाच्या खात्यात, बियाणं-खताची उधारी बटईदाराच्या माथी.

गायरान वाहणाऱ्याचंही तसंच. १४ एप्रिल १९९० पर्यंतचं अतिक्रमण नियमित करायचा निर्णय १९९१ चा आहे, पण पुरावा मागतात नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीतला. ती नोंदवही लिहिणार तलाठी. त्यानं तेव्हा नोंदच केली नसेल तर कसणाऱ्यानं काय दाखवायचं?

याचं टोक शेतकरी आत्महत्येनंतरच्या १ लाखाच्या सरकारी मदतीत दिसतं. घरची जमीन, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकीत कर्ज, वसुलीचा तगादा, हे कागदानं सिद्ध व्हावं लागतं. भूमिहीन बटईदाराकडे यातला एकही कागद नसतो. शेरा पडतो 'अपात्र'.

समाजकार्य_यवतमाळ
बायका हे विचारतीलच: 'इतर अधिकार'मधलं नाव वर कसं आणायचं? आणि पीएम-किसान मिळेल का?

फेरफार_६
आधी जुन्या फेरफाराची नक्कल काढा. फेरफारात नाव बरोबर आणि सातबाऱ्यावर उतरवताना चुकलं असेल तर तो लेखनप्रमाद. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज. फेरफारच तसा मंजूर झाला असेल तर अपील, सोबत विलंब माफीचा अर्ज. 'हक्कसोड' लिहिलेली असेल तर ती नोंदणीकृत आहे का ते पाहा. साध्या कागदावरच्या सहीनं हक्क सुटत नाही.

पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, पण वारसानं आलेली चालते. काउंटरवर पहिली अट सांगून परत पाठवतात, दुसरी बाईला पाठ असू द्या.