शाही वृक्षारोपणाचे जलरंगचित्र: पुरावा की खुशामत?

धागाकर्ता: ऑक्टोबर १८३२मध्ये १३ वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया डर्बीशरमधील चॅट्सवर्थ या ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या प्रासादात पाहुणी असताना तिने बागेत ओकचे रोप लावले. पुढे राणी झाल्यावर आपल्या भेटींची जलरंगचित्रे करवून घेऊन ती संग्रहवहीत (अल्बममध्ये) लावण्याचा तिचा परिपाठच होता. अशा प्रसंगचित्रांना इतिहासाचे साधन मानू नये, असे माझे मत आहे. खड्डा माळ्याने आधीच खणलेला, पाहुण्याने चारदोन फावडी माती लोटायची, आणि चित्रकाराने यजमानाला शोभेल असा घोळका मांडायचा, एवढाच हा मामला असतो.

प्रतिसाद १: असहमत. समारंभच मुळात रचलेला असतो. तेव्हा त्या रचनेची नोंद म्हणून हे चित्र खरेच ठरते. राणीच्या निकट कोणाला उभे केले आणि नोकरांना किती अंतरावर ठेवले, हे यजमानाच्या मनातले दरबारी गणित त्यात उघड दिसते.

धागाकर्ता: पण चित्रकार तिथे होता कशावरून? पुणे दरबाराचे प्रसिद्ध तैलचित्र पाहा. प्रसंग १७९०च्या पेशवे-इंग्रज तहाचा, त्याची रेखाटने करणारा चित्रकार जेम्स वेल्स हिंदुस्थानात आला १७९१मध्ये, आणि त्याच्या मृत्यूनंतर चित्र पूर्ण केले ते टॉमस डॅनियलने, १८०५मध्ये. त्यापेक्षा राणीची रोजनिशी बरी.

प्रतिसाद २: कोणती रोजनिशी? डिसेंबर १८७७मध्ये राणीने तेव्हाचा पंतप्रधान डिझरायली याच्या ह्यूएंडेन येथील घरी जाऊन झाड लावले, तेव्हा तिची धाकटी मुलगी, राजकन्या बिअ‍ॅट्रिस, तिच्यासोबत होती. आणि त्या काळची रोजनिशी आज आपण वाचतो ती याच बिअ‍ॅट्रिसने काटछाट करून उतरवलेली प्रत आहे, कारण मूळ वह्या तिने नष्ट केल्या. कात्री लावलेल्या शब्दांना चित्राहून वरचा मान कशासाठी?

प्रतिसाद ३: दोघांनीही रंगांचा विचार केलेला नाही. जलरंगांतील नीळ उजेडाने उडते, त्यामुळे तिच्या मिश्रणातून केलेली हिरवळ तपकिरी पडते आणि आभाळ गुलाबी होते. रसेल आणि अ‍ॅबनी या शास्त्रज्ञांनी १८८८च्या अहवालात प्रकाशाचा हा परिणाम प्रयोगांनी दाखवला. भिंतीवर टांगलेल्या चित्रावरून ऋतू ठरवू नये. मिटलेल्या संग्रहवहीतले चित्र मात्र बरेच विश्वसनीय असते.

धागाकर्ता: रंगांबद्दल वाद नाही. माणसांच्या जागांबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. जागेवर केलेले पेन्सिलीचे टिपण सोबत असेल, तरच तो घोळका मी खरा मानेन.