नव्या शहरात पायी चालण्याजोगं, परवडणारं घर कसं शोधलंत?

अबोली
काल लेकीने पुण्यातल्या फ्लॅटचे फोटो पाठवले. भाडं कमी म्हणून हरखलीये. ते बघून 2009 आठवलं. लातूरहून आलो तेव्हा आम्हीही स्वस्त म्हणून वारज्यात हायवेच्या पलीकडे राहिलो. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी हायवे ओलांडायचा. धाकटा कडेवर, हातात पिशवी, शेजारून ट्रक गेला की पदर उडून तोंडावर यायचा. रस्त्याला दिवे नव्हते. 11 महिन्यांचा करार संपला तसे डहाणूकर कॉलनीत आलो. भाडं दीड हजाराने जास्त, पण दूध, भाजी, शाळा, दवाखाना सगळं पायी. रिक्षाचे पैसे वाचले त्यात फरक भरून निघाला. तुमचं सांगा, तिला वाचायला देते.

गंधार
डोंबिवली. एजंट म्हणाला स्टेशन 10 मिनिटं. ती रिक्षाची निघाली, त्यात शेअर रिक्षाची रांग वेगळीच. वर्षभर काढलं. आता पूर्वेला फडके रोडच्या मागे, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण घरातून निघून 7 मिनिटांत प्लॅटफॉर्मवर. दिवाळीच्या पहाटे खाली जी गर्दी असते ना, त्यासाठी तरी या एकदा.

मृण्मयी
अबोली, पदराचं वाचून पोटात गोळा आला गं. लेकीचं ऑफिस कुठे?

अबोली
कल्याणीनगर.

मृण्मयी
मग आनंदनगर नाहीतर आयडियल कॉलनी स्टेशनच्या आसपास बघ म्हणावं. वनाझ–रामवाडी मेट्रो 2024 पासून पूर्ण सुरू आहे, कल्याणीनगरला सरळ उतरायचं, गाडी बदलायला नको. नव्या टॉवरपेक्षा जुन्या सोसायट्या बघा. आणि घर दुपारी बघून टोकन देऊ नका! संध्याकाळी 8 ला स्टेशनपासून दारापर्यंत चालत जा. दुकानं उघडी आहेत का, बायका एकट्या येजा करतायत का, ते तेव्हाच कळतं.

परदेशस्थ
जर्मनीतून. काल्टमीटे, म्हणजे नुसतं मूळ भाडं, बघून घर घेतलं, त्यात हीटिंग आणि बाकीचे खर्च धरलेले नसतात हे नंतर समजलं. शिवाय गाव लांब, रविवारी बस नाही. पुढचं घर बेकरीच्या वर घेतलं. ट्राम कोपऱ्यावर. गाडी अजून घेतलेली नाही, महिन्याच्या पासावर भागतं. तो 2023 ला 49 युरोचा होता, 2025 ला 58 झाला, तरी गाडीच्या हप्त्यापेक्षा खूप बरा.

सुगरण
लातूर कुठलं? माझं सासर औशाचं!

अबोली
अगंबाई, माझं माहेर मुरूडचं. लेक रविवारी संध्याकाळी आनंदनगरला चालून बघणार आहे, भावाला सोबत घेऊन. कुकर झाला, येते.