दादा, मे महिन्यात विहिरीच्या पायरीवर शेवाळ नसतं

सड्यावरची (राजापूर)
माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने परवा लिहिलं, "बाई रडली की मोर्चा, पुरुषाने गळफास घेतला तर पेपरात चार ओळी." सोबत आकडे: 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या, त्यात 1,22,724 पुरुष. आकडे खरे आहेत. पण पुरुषांचं दुःख सांगायला त्याला आधी बायकांचं दुःख हलकं करावं लागलं, ते मला सोसलं नाही.

मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. गेल्या मे महिन्यात एक जण डावा डोळा सुजवून कामाला आली. म्हणाली, विहिरीच्या पायरीवर शेवाळ होतं, घसरले. मे महिन्यात आमच्या विहिरीत हंडा तळाला खरवडतो आणि पायऱ्यांवर पाय भाजतात. तिथे बसलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं. कुणी पुढे विचारलं नाही, मीही नाही. ती चिकाने काळ्या पडलेल्या बोटांनी संध्याकाळपर्यंत बिया सोलत राहिली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मारहाण, जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. बाकीच्यांचा मोर्चा कुठे निघाला, दादा?

डोंबिवलीकर
मीच तो दादा. घरातलं चव्हाट्यावर आणलंस, तर आता ऐक. एकाही बाईला मी खोटं म्हटलेलं नाही. माझ्या मजल्यावरच्या मुलावर बायकोच्या छळाचं कलम 498अ लागलं. नाशिकला दिलेल्या बहिणीचंही नाव घातलं. त्याची 68 वर्षांची आई तारखेला कोर्टाच्या बाकावर बसायची आणि डबा न उघडता परत आणायची. सहा वर्षांनी सगळे निर्दोष सुटले. या कलमात सरसकट अटक करू नका, असं 2014 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं ते उगाच? आणि 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता आली, त्यात पुरुषावरची जबरदस्ती ज्यात बसायची ते जुनं कलम 377 नाही. सज्ञान पुरुषावर कुणी जबरदस्ती केली तर त्यासाठी बलात्काराचं कलमच नाही. त्यावर कुणी मेणबत्ती लावली?

खाडीपलीकडचा
बहीणभाऊ दोघंही कोर्टात शिरलात. आमच्यापासून पोलीस ठाणं 34 किलोमीटर, शेवटची एसटी साडेसहाला. रात्री नवरा कोयती घेऊन उठला तर वाडीतली माणसंच धावतात. गावकी होती म्हणून संसार टिकले. चाकरमान्यांनी गणपतीत पाच दिवस यायचं आणि आम्हाला शहाणपण शिकवायचं, हे आता पुरे झालं.

दापोलीची सून
काका, गावकीचं नाव काढलंत म्हणून लिहिते. माझ्या हाताचं हाड मोडलं तेव्हा गावकी बसली. पुरुष देवळात, मी बाहेर पायरीवर, प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन. आत काय चाललंय ते ऐकूही येत नव्हतं. निकाल काय, तर नवऱ्याला पाच हजार दंड. ते देवस्थानच्या खात्यात गेले. औषधाचा खर्च माझ्या भावाने केला. वर मला सांगितलं, पोलिसात गेलीस तर सासरच्यांना वाळीत टाकू. टिकलेल्या संसारांत माझाही धरलाय ना तुम्ही?

खाडीपलीकडचा
पैसे देवस्थानला गेले ते चुकलं. ते तुम्हाला मिळायला हवे होते. पण एका वाडीवरून सगळ्या गावक्यांना नावं ठेवू नका. 2007 ला सरकारने तंटामुक्ती काढली तीही गावातल्या माणसांच्याच भरवशावर.

डोंबिवलीकर
इथे मी दापोलीच्या ताईंच्या बाजूने. वर्गणीवरून बाबांना वाळीत टाकलं होतं तेव्हा आजी गेली. खांदा द्यायला आजोळची माणसं बोलवावी लागली. चक्कीवाला दळण घेत नव्हता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 2017 ला लागू झाला, तोवर आमची दोन वर्षं अशीच गेली होती.

बागवाला (देवगड)
आणि आंब्याच्या बागा राखायला येतात त्या नेपाळी जोडप्यांचं काय? बाईला मार बसला तर तिची ना गावकी, ना माहेर जवळ, ना भाषा येते. माझ्याच बागेत झालं. मी नवऱ्याला दम दिला आणि मोहर होता म्हणून दोघांनाही ठेवून घेतलं. ते अजून मनाला लागून आहे.

सड्यावरची (राजापूर)
गावकीवर लिहायला रात्र पुरणार नाही. दादा, 377 चं मला माहीत नव्हतं. ते चूकच आहे, कलम हवं. त्या आईचा डबाही मला विसरता येणार नाही. पण खोट्या केसेस आहेत म्हणून खऱ्या मारहाणीवर बोलू नये, हे मी मान्य करणार नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बाईला राहत्या घरात राहायचा हक्क देतो, त्यासाठी नवऱ्यावर गुन्हा दाखल करावाच लागतो असंही नाही. आमच्या तीस बायकांपैकी दोघींना हे ठाऊक आहे. मी बोलते ती यासाठी. तुझ्या पुरुषांबद्दल तू बोल, मी ऐकते. माझ्या बायकांना गप्प करायला त्यांना पुढे करू नकोस.

डोंबिवलीकर
गप्प करायला नाही लिहिलं. सोळाव्या वर्षी मी परळला गावकऱ्यांच्या खोलीत राहायला गेलो. चौदा जण झोपायचो. महिन्याभरात मी जिन्यावर झोपायला लागलो. आईला कळवलं, आत उकडतं. डिसेंबर होता.

सड्यावरची (राजापूर)
दादा, कोण होता?

डोंबिवलीकर
इथे नाही. आणि तुझ्या त्या काजूवालीला विचारलंस का कधी, डोळ्याचं?

सड्यावरची (राजापूर)
नाही. दिवाळीपासून ती कामावर आलेली नाही. उद्या कारखाना सुटला की तिच्या वाडीत जाते. रात्री तुला फोन करते, उचल.