एजन्सी सगळं बघते?
‘तात्पुरत्या डेंटल नर्सला (दातांच्या डॉक्टरांच्या मदतनिसाला) एजन्सीने दवाखान्यात पाठवलं म्हणजे कागदपत्रं एजन्सीच बघते’ असं कुणीतरी म्हटलंय. इंग्लंडात तरी हे अर्धंच खरं. जीडीसीची (जनरल डेंटल काउन्सिल, तिथली नियामक संस्था) नोंदणी डेंटल नर्सने दरवर्षी ३१ जुलैच्या आत नव्याने करायची ती स्वतःच. बायको लेस्टरला तात्पुरती डेंटल नर्स आहे. एका दवाखान्यात पहिल्याच सकाळी मॅनेजरबाईंनी विचारलं, इन्डेम्निटी (रुग्णाने भरपाई मागितली तर लागणारा विमा) कुणाची? तिथली पॉलिसी फक्त दवाखान्याच्या स्वतःच्या पगारी नर्सेसपुरती. बायको अर्धा तास कोट घालून रिसेप्शनला उभी, कानाला फोन! आता स्वतःची पॉलिसी, डीबीएस (गुन्ह्यांची नोंद तपासल्याचा दाखला), हेपटायटिस बीचा रिपोर्ट सगळं पर्समध्येच.

आणि सीपीडी, म्हणजे नोंदणी टिकवायला करावं लागणारं प्रशिक्षण, डेंटल नर्सला पाच वर्षांत ५० तास हे बरोबर, पण कुठल्याही सलग दोन वर्षांत किमान १० तास व्हावेच लागतात. शेवटच्या वर्षी उरकू म्हणणारे तिथे अडकतात.