कॉफीचा चोथा, काकूंचा सांबार आणि घरचा ग्रुप

मोठी काकू (वरूड): दादाने नागपूरहून पाठवलेला पोतेभर कॉफीचा चोथा मी पंधरा दिवसांपूर्वी परसातल्या पालकाच्या आणि सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यांत दोन बोटे जाड पसरला होता. सांबार जेमतेम चार ठिकाणी उगवला, पालकाची पाने नखाएवढी राहून पिवळी पडली, आणि चोथ्याची वाळून अशी पापडी झाली आहे की झारीचे पाणी वरूनच वाहून जाते. हे खत आहे की आणखी काही, ते कोणीतरी सांगावे.

दादा (नागपूर): काकू, चूक माझी आहे. घराजवळच्या कॉफीच्या दुकानात हा चोथा रोज फेकला जातो आणि त्यात दोन टक्क्यांच्या आसपास नत्र असते असे वाचले, म्हणून मागून घेतला. तो ताजा टाकू नये, हे तुम्हाला सांगायला हवे होते.

आबा (मोर्शी): नत्र आहे हे खरे, पण ते पिकाच्या तोंडी लगेच पडत नाही. चोथा कुजवणारे सूक्ष्मजीव आधी जमिनीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, शिवाय चोथ्यात उरलेले कॅफिन आणि टॅनिनसारखे पदार्थ कोवळ्या मुळांना बाधतात. त्यामुळे बी पेरलेल्या वाफ्यावर तो पसरणे सर्वांत वाईट. कॉफी आंबट म्हणून चोथ्याने आपल्या जमिनीचा सामू (पीएच; कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे अल्कधर्मी) उतरेल, असेही कोणी समजू नये, कारण आंबटपणा बहुतेक कपातच उतरलेला असतो.

ताई (अकोला): आबांचे बरोबर आहे, पण चोथ्याचा खरा उपयोग मला नत्रापेक्षा जस्त आणि लोहासाठी वाटतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही, मात्र सामू आठच्या घरात असल्याने ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. संत्र्याच्या नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, तो आबांनी आयुष्यभर पाहिला आहे. चोथ्यात ही द्रव्ये फारशी नसतात, परंतु कॉफी भाजताना तयार होणारे मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी पदार्थ धातूंना धरून ठेवतात. स्पेनमधल्या ग्रानाडा विद्यापीठातील संशोधकांना नुसता चोथा दिलेल्या लेट्यूसची वाढ खुंटलेली दिसली, पण चोथ्यावर प्रक्रिया करून त्याला लोह आणि जस्त जोडून दिल्यावर पानांतील त्यांचे प्रमाण वाढले. म्हणजे चोथा इथे अन्न नसून अन्न वाहून नेणारी पाटी आहे.

मोठी काकू (वरूड): मग घरात झिंक सल्फेटची अर्धी पिशवी पडली आहे, ती चोथ्यात कालवून टाकू का?

ताई (अकोला): अंदाजाने टाकू नका. प्रयोगशाळेतले मिश्रण मोजूनमापून केलेले असते, आणि नेहमीच्या झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के जस्त असल्याने परसातल्या चार वाफ्यांना मूठभरही जास्त होऊ शकते. माती तपासून मात्रा ठरवा आणि ते सुपर फॉस्फेट खतामध्ये मिसळू नका, नाहीतर जस्त पुन्हा अडकते.

आबा (मोर्शी): वाफ्यावरचा थर आजच खरडून काढ. शेणखत, पालापाचोळा आणि चोथा एकत्र रचावे, मात्र चोथा एकूण ढिगाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावा. ओल टिकवून अधूनमधून उलथले, तर दोन-तीन महिन्यांत त्याचा वास मातीसारखा होतो. तोवर ढीग झाकून ठेव, कारण कॅफिन कुत्र्यांना विषारी असते आणि तुझा मोत्या काहीही चाटतो.

वहिनी (चांदूर बाजार): आमच्याकडे इन्स्टंट कॉफी असते, तिचा चोथा कुठे जातो?

दादा (नागपूर): वहिनी, ती पाण्यात पूर्ण विरघळते, त्यामुळे मागे काही उरतच नाही. चिखलदऱ्याची कॉफी आणून गाळून प्यायलात, तर चोथा मिळेल.

मोठी काकू (वरूड): थर काढून उकिरड्याजवळ ढीग लावला आहे, आणि सांबार दुसऱ्या वाफ्यात नव्याने टाकला आहे. दादा, पुढचे पोते पाठवायचे असेल तर त्यातले कागदी कप आणि साखरेच्या पुड्या आधी वेचून काढ. आज मी सतरा मोजल्या.