पांढऱ्या गाडीला डांबर चिकटलंय, रंगाला धक्का न लावता कसं काढायचं?

पावसकर_८४:
नमस्कार मंडळी. परवा गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीला येताना मध्येच एक पट्टा लागला, नुकतंच डांबर मारून वर बारीक खडी टाकलेली, मी हळूच काढली गाडी तरी घरी येऊन बघतो तर दोन्ही बाजूंना दरवाजांच्या खाली आणि चाकांच्या मागे काळे ठिपकेच ठिपके. गाडी पांढरी, जेमतेम तीन महिन्यांची, बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली, त्यांचं तोंड बघवत नाही. शाम्पूने दोनदा धुतली, भांड्यांचा साबण पण लावून बघितला, ढिम्म हलत नाही. एक ठिपका नखाने खरवडला तर तिथे बारीक चरा उठला म्हणून थांबलो. शेजारचे काका म्हणतात पेट्रोलचा बोळा फिरव, गॅरेजवाला म्हणतो थिनर. काय करू?

कुडाळवालो:
थिनर अजिबात नको भावा! माझ्या आधीच्या गाडीचा बंपर एकदा बाहेरून रंगवून घेतलेला, त्यावर एका गॅरेजात पोराने थिनर फिरवला, डांबर गेलं आणि रंगही बोळ्याबरोबर निघून आला. कंपनीतला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो तो थोडं सोसतो, बाहेर मारलेला सोसत नाही. आणि पेट्रोल लावलंस तर डांबर सुटायच्या आधी पेट्रोलच उडून जातं, मग माणूस जोर लावून घासत बसतो. शिवाय बंद पडवीत पेट्रोलचा बोळा म्हणजे आगीला आमंत्रण.

जांभा_चिरा:
दादा घाबरू नका, निघेल सगळं, फक्त घाई करू नका. डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल वगैरे काढून झाल्यावर तळाला जे उरतं ते, म्हणून पाणी नि साबण त्याला काही करत नाही, त्याला तेलच लागतं. आपण फणस फोडताना हाताला नि विळीला खोबरेल चोपडतो ना, चीक पाण्याने सात जन्मात जायचा नाही पण तेलाने सुटतो, तसंच हे.

आधी गाडी भरपूर पाण्याने धुवा, आणि हे खरंच मनावर घ्या, कारण आपल्याकडची तांबडी धूळ अंगावर राहिली नि वरून फडका फिरवला की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. मग गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. डब्ल्यूडी-४० (गंजलेल्या नट-बोल्टवर मारतात तो तेलकट स्प्रे) मायक्रोफायबरच्या फडक्यावर मारायचं, फडका ठिपक्यावर नुसता टेकवून दोन-तीन मिनिटं धरायचा, डांबर मऊ पडलं की हलक्या हाताने एकदाच पुसून घ्यायचं. दर ठिपक्याला फडक्याची नवीन घडी, कारण त्या डांबरात खडीचे कण अडकलेले असतात, तेच चरे पाडतात. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ, त्यामुळे हिरवी घासणी, ब्लेड, सुरी काही म्हणजे काही नको. चाकांजवळ करताना ब्रेकच्या डिस्कवर थेंब जाऊ देऊ नका. झालं की लगेच शाम्पूने धुवा, दरवाजाच्या रबरावर तेल राहायला नको. याने वॅक्सही निघून जातं तेव्हा परत वॅक्स मारा, खाऱ्या हवेत राहतो आपण.

देवगड_बंदर:
रॉकेल पण चालता, पण आता खंय गावता? खोबरेल लावून अर्धा तास ठेव, हळू चलता पण रंगाक काय करणा नाय.

जांभा_चिरा:
हो, खोबरेल चालेल, कोवळ्या ठिपक्यांना तर नक्कीच.

साइटवरचा:
मी रस्त्याच्या कामावर असतो म्हणून एक सांगतो. नवीन थर घालायच्या आधी खाली जे फवारतात ते बऱ्याचदा इमल्शन असतं, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर. ते चॉकलेटी दिसतं तोवर साध्या पाण्याने निघतं, काळं पडलं म्हणजे पाणी सुटून गेलं, मग तेलाशिवाय पर्याय नाही. तर पुढच्या वेळी चॉकलेटी शिंतोडे दिसले तर घरी पोचायची वाट बघू नका, वाटेत नळ दिसेल तिथे थांबा आणि पाणी मारा.

पावसकर_८४:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज डावी बाजू केली, आधी खोबरेल, जे राहिले त्यांना डब्ल्यूडी-४०, फडके चार गेले पण पांढरा रंग आहे तसा आहे. तीन-चार ठिकाणी पिवळट गोल राहिलाय, तो कशाने जाईल?

जांभा_चिरा:
परत एकदा डब्ल्यूडी-४० टेकवा. तरी राहिला तर क्ले बार आणा, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून हलकेच फिरवा, खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या, वाळू लागलेली असते. तुमच्या नखाचा चरा बोटाला लागत नसेल तर पॉलिशने जाईल.

पावसकर_८४:
लागत नाहीये बोटाला, बरं वाटलं वाचून. उजवी बाजू उद्या सकाळी, अंगणात ऊन यायच्या आत. बाबा म्हणालेत फडका मी धरतो.