मत्स्यशेतीने नैसर्गिक सॅमनवरचा ताण कमी होतो की वाढतो?

सागरवाट:
पाळलेला सॅमन बाजारात आला की नद्यांतल्या सॅमनची मासेमारी घटेल आणि त्यांची संख्या सावरेल, अशी माझी समजूत होती. परंतु पाळीव सॅमनच्या उत्पादनात जगात अग्रेसर असलेल्या नॉर्वेतच २०२४ च्या उन्हाळ्यात समुद्रातून नद्यांत परतणारे मासे इतके कमी झाले की ३३ नद्यांमधली सॅमनची मासेमारी थांबवावी लागली. समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेल्या माशाचा नदी-समुद्रात स्थलांतर करणाऱ्या माशाशी नेमका संबंध कुठे येतो?

खाडीकाठ:
बराचसा संबंध उवांच्या वेळापत्रकातून येतो. समुद्री ऊ हा सॅमनच्या अंगाला चिकटून त्याची त्वचा खाणारा, कोळंबीच्या दूरच्या गोत्रातला परजीवी असून गोड्या पाण्यात तो फार काळ तगत नाही. मोठे मासे अंडी घालायला नदीत चढले की त्यांच्या उवा गळून पडत, हिवाळाभर किनाऱ्याजवळ उवांना आसरा देणारे मासे फारसे उरत नसत, आणि वसंतात पहिल्यांदाच समुद्रात उतरणाऱ्या पिल्लांना बऱ्यापैकी निर्धोक वाट मिळे. ही मधली मुदत पिंजऱ्यांनी संपवली, कारण तिथे लाखो मासे बारा महिने असतात आणि जाळ्यातून आरपार वाहणाऱ्या पाण्याबरोबर उवांच्या अळ्या दूरवर पसरतात. मोठा मासा दहा-बारा उवा सहन करतो. वीस ग्रॅमच्या पिल्लाचा तेवढ्यांनी जीव जाऊ शकतो. म्हणूनच नॉर्वेत एरवी दर माशामागे ०.५ प्रौढ मादी उवा ही मर्यादा असली, तरी वसंतातल्या काही आठवड्यांत ती ०.२ वर आणतात. मात्र हा हिशेब दर माशामागचा आहे; पिंजऱ्यातले मासे दुप्पट झाले तर नियम न मोडताही उवा दुप्पट होतात, आणि मला ही पळवाटच वाटते.

नदीमुख:
पळालेल्या माशांचाही विचार व्हावा. अटलांटिकच्या काठी पिंजऱ्यातला आणि नदीतला मासा एकाच जातीचा असल्याने सुटलेला मासा नदीत चढून स्थानिक माशांशी संकर करतो. आयर्लंडमधील बरिशूल येथील प्रयोगात पाळीव वंशाची पिल्ले झपाट्याने वाढून स्थानिक पिल्लांना जागेवरून हुसकावताना दिसली, पण पूर्ण आयुष्याचा हिशेब मांडता त्यांचे तगण्याचे प्रमाण स्थानिकांपेक्षा कमीच भरले. म्हणजे जागा बळकावणारेही टिकत नाहीत.

पाणवठा:
सारे खापर पिंजऱ्यांवर फोडणे मला पटत नाही. अमेरिकेतील एल्व्हा नदीवर १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाला माशांसाठी जिनाच नव्हता, त्यामुळे मुखापासून जेमतेम आठ किलोमीटरवर सॅमनची वाट जवळजवळ शतकभर अडली. २०११ ते २०१४ या काळात हे आणि त्याच्या वरच्या अंगाचे दुसरे, अशी दोन्ही धरणे पाडल्यावर मासे वरच्या पात्रात पुन्हा चढू लागले.

सागरवाट:
कॅनडाने ब्रिटिश कोलंबियात खुल्या जाळ्यांतली सॅमनशेती २०२९ च्या मध्यापर्यंत बंद करण्याचे जाहीर केले आहे. जमिनीवरच्या बंद टाक्यांनी प्रश्न सुटेल का?

खाडीकाठ:
सॅमनपुरता उवांचा आणि पलायनाचा प्रश्न बराचसा सुटेल, खाद्याचा, म्हणजे त्यांना खाऊ घालायला इतर मासे पकडण्याचा, राहील. युरोपीय ईल या सापासारख्या लांबट, पाळल्या जाणाऱ्या माशाच्या बाबतीत मात्र टाकीचा उपयोग नाही. त्याची व्यापारी पैदास अजून साधलेली नसल्याने शेतीसाठी लागणारी काचेसारखी पारदर्शक पिल्ले किनाऱ्याकडे येतानाच पकडावी लागतात, आणि ही जात २००८ पासून अतिसंकटग्रस्त गणली जाते. तिथे शेती वाढवायची म्हणजे समुद्रातूनच अधिक पिल्ले उचलायची.